टाकीचा तळ

घरातल्या काचेच्या टाकीतला मासा मेला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. "जाऊ दे, घरावर काहीतरी येणार होतं, ते त्यानं स्वतःवर घेतलं." म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. लेकरू रडत असतं, त्याला समजवायचं असतं. पण पहिल्या महिन्यात पाच मासे आणले आणि पाचही गेले, तर एवढी संकटं त्या घरावर कुठून येत होती, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मग "आमच्याकडे मासे लाभत नाहीत" असा शेरा मारून टाकी गच्चीवर जाते आणि तिच्यात तुळस लावली जाते.

मंडळी, मासे लाभणं-न लाभणं असं काही नसतं. नव्या टाकीतले मासे बहुतेक वेळा अमोनियानं मरतात, आणि त्या अमोनियाचा बंदोबस्त टाकीच्या तळाशी होतो. आपण मासे निवडतो, रंगीत लाइट निवडतो, बुडबुडे सोडणारी प्लास्टिकची पेटी निवडतो. तळाला काय घालायचं ते मात्र दुकानदार ठरवतो. निळी-गुलाबी बजरी दोन पाकिटं, विषय संपला. म्हणून या महिन्याचा लेख त्या तळावर. आपण बालाघाटात राहतो, त्यामुळे दोन गोष्टी आपल्याला इतर शहरांपेक्षा जास्त सांभाळाव्या लागतात. त्याही सांगतो.

बजरी नेमकं काय करते?

मासा कल्ल्यांमधून सतत अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा सडली की त्यातूनही अमोनियाच निघतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत जायला जागा नसते. इथे जिवाणू कामाला येतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा गट त्या नायट्राइटचं नायट्रेट करतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना घातक आहेत. नायट्रेट त्यामानानं सौम्य असतं. ते झाडं खातात, आणि उरलेलं आपण पाणी बदलून काढून टाकतो.

हे जिवाणू पाण्यात तरंगत बसत नाहीत. ते पृष्ठभागाला चिकटून राहतात: फिल्टरच्या स्पंजला, काचेला आणि सर्वांत जास्त बजरीच्या दाण्यांना. किती जास्त, याचा हिशोब करून पाहू. दोन फुटी टाकी घ्या, 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद, 36 उंच. तिच्या चार भिंतींचं आतलं क्षेत्रफळ साधारण 0.65 चौरस मीटर भरतं. आता तळाला 5 सेंटिमीटर जाडीचा, 3 मिलिमीटर दाण्याच्या बजरीचा थर द्या. दाणे गोल धरले आणि मधल्या पोकळ्या 40 टक्के धरल्या, तर सगळ्या दाण्यांचा पृष्ठभाग मिळून जवळपास 11 चौरस मीटर होतो. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीची फरशी! भिंतींच्या सोळा पटींहून जास्त. तुमच्या टाकीचं सांडपाणी शुद्ध करणारी अख्खी वसाहत त्या दोन इंचांत राहते.

ही वसाहत एका दिवसात उभी राहत नाही. नव्या टाकीत तिला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टाकी आज भरायची आणि आजच आठ मासे सोडायचे, हा प्रकार टाळा. आधी फिल्टर चालू ठेवा, रोज चिमूटभर खाणं टाका म्हणजे अमोनिया तयार होईल, आणि जिवाणूंना वाढू द्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की मगच मासे आणा, तेही दोन-दोन करून. दोन्ही मोजायचे टेस्ट किट मिळतात.

घाई असेल तर एक युक्ती आहे. ओळखीत कुणाकडे वर्षभर नीट चाललेली, रोगराई नसलेली टाकी असेल तर तिच्यातली दोन मुठी बजरी, त्याच टाकीच्या पाण्यात भिजलेली, मागून आणा आणि आपल्या बजरीत मिसळा. दुधाला विरजण लावतो तसंच हे. विरजण चांगलं असेल तर काम लवकर होतं. फक्त वाटेत ती वाळू देऊ नका आणि नळाखाली धुऊ नका.

दाणा केवढा असावा?

यात तीन पर्याय आहेत. दुकानदाराला विचारण्याआधी स्वतःला विचारा, की टाकीत कोण राहणार आहे.

नुसते मासे ठेवायचे असतील, म्हणजे गप्पी, मोली, टेट्रा, गोल्डफिश, तर 2 ते 5 मिलिमीटरची गोल बजरी उत्तम. पाणी तिच्यातून फिरतं, साफ करायला सोपी जाते. यापेक्षा मोठे गोटे दिसायला छान दिसतात, पण खाणं त्यांच्या फटींत पडतं आणि माशांची तोंडं तिथवर पोचत नाहीत. ते तिथेच सडतं.

तळाशी तोंड खुपसून चरणारे मासे असतील, उदाहरणार्थ कोरीडोरास, तर बारीक आणि गुळगुळीत रेती हवी. या माशांच्या मिशा नाजूक असतात. धारदार दाण्यांवर त्या घासून झिजतात आणि मग जखमा होतात. आपल्या नदीतली वाम, जिला इकडे बाम म्हणतात, ती तर रेतीत स्वतःला पुरूनच घेते. बांधकामासाठी दगड फोडून केलेली रेती अशा माशांना अजिबात चालत नाही. तिचे कोपरे टोकदार असतात आणि तिच्यात दगडाची भुकटी भरपूर असते.

बारीक रेतीचा दोष हा, की जाड थर दिला तर तो दबून घट्ट होतो. आत प्राणवायू पोचत नाही, काळे डाग पडतात आणि ढवळलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड वायू, माशांना विषारी. म्हणून नुसती रेती असेल तर थर एक ते दीड इंचाचाच ठेवा आणि आठवड्यातून एकदा काडीनं हलकेच चाळवा. शंखाच्या आकाराच्या बारीक गोगलगायी दुकानात फुकट मिळतात, रेतीत शिरून ती सतत खालीवर करायचं काम त्या आनंदानं करतात. खाणं जास्त टाकलंत तर त्यांची संख्या भराभर वाढते, हेही ध्यानात असू द्या. गोगलगायी फार झाल्या म्हणजे तुम्ही खाणं फार टाकताय, असा सरळ अर्थ घ्यावा.

जुन्या पद्धतीचा, बजरीखाली प्लास्टिकची जाळी असलेला फिल्टर तुमच्याकडे असेल तर रेती घालूच नका. ती जाळीच्या फटींत बसते. तिथे 3 ते 5 मिलिमीटरची बजरीच हवी.

बालाघाटचे दगड आणि तीन चाचण्या

आता आपल्या गावाचा मुद्दा. रेतीसाठी आपल्याला लांब जावं लागत नाही. वैनगंगेची रेती प्रत्येक बांधकामावर ढिगानं पडलेली असते. टाकीला लागते किती? 60 गुणिले 30 गुणिले 5, म्हणजे 9 लिटर, वजनात 14 ते 15 किलो. एवढ्यासाठी घाटावर जाऊन नदी उकरायची गरज नाही. बांधकामावरच्या ढिगातून, मालकाला विचारून, अर्धी बादली घेतली तरी भागतं. ढिगाच्या मधली घ्या, कडेची नको. कडेला सिमेंट आणि चुना मिसळलेला असतो. घरी आणून चाळा. पीठ चाळायच्या चाळणीनं भुकटी काढा, मोठ्या छिद्रांच्या चाळणीनं खडे काढा. मग बादलीत थोडी थोडी घेऊन, हात घालून, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. आठ-दहा पाणी लागतं. साबण, सर्फ, फिनाइल यांचा थेंबही नको.

पण इथली जमीन खनिजांची आहे. भरवेलीची भूमिगत मँगनीज खाण आशियातल्या सर्वांत खोल मँगनीज खाणींत गणली जाते, उकवा आणि तिरोडीलाही खाणी आहेत. मलाजखंडला देशातली मोठी तांब्याची खाण आहे. या भागातल्या खडकांत मँगनीजच्या जोडीला संगमरवरही सापडतो. त्यामुळे सहलीला गेलेली मुलं खिशात भरून जे काळे चकचकीत आणि हिरवट दगड आणतात, ते टाकीत टाकण्याआधी थांबा.

पहिली चाचणी व्हिनेगरची. धुतलेल्या, वाळलेल्या दगडावर दोन थेंब टाका आणि पाच मिनिटं बारकाईनं बघा. बुडबुडे आले तर त्यात चुनखडी आहे. संगमरवर, शिंपले, प्रवाळ हे सगळे असे फसफसतात. असा दगड पाण्यात हळूहळू विरघळून पाणी जड करतो. बोअरचं पाणी आधीच जड असेल तर त्यात आणखी भर कशाला?

एवढ्यावर बरेच जण थांबतात. आपण थांबून चालणार नाही, कारण मँगनीजचं खनिज व्हिनेगरला साधारणपणे दाद देत नाही. त्यासाठी दुसरी चाचणी. शाळेच्या प्रयोगशाळेतला तो प्रयोग आठवा: हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मँगनीज डायऑक्साइडची चिमूट टाकली की प्राणवायू फसफसून बाहेर येतो. जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड औषधाच्या दुकानात मिळतं. संशयित काळ्या दगडावर एक थेंब टाका. जोरात फेस आला तर तो दगड शोकेसमध्ये ठेवा, टाकीत नको. दगडावर शेवाळ किंवा माती असेल तरी फेस येतो, म्हणून आधी ब्रशनं घासून उन्हात खडखडीत वाळवा. आणि दोन सूचना: हा प्रयोग मोठ्यांनी करायचा, आणि व्हिनेगर लावलेल्या दगडावर लगेच पेरॉक्साइड टाकायचं नाही. दोन्ही एकत्र आले तर डोळ्यांना आणि कातडीला झोंबणारं रसायन तयार होतं. वेगवेगळे दगड घ्या.

मँगनीजचं ऑक्साइड मोकळ्या, हवेशीर पाण्यात फारसं विरघळत नाही, हे खरं. पण तळाच्या दबलेल्या थरात, जिथे प्राणवायू नसतो, तिथे त्याचं रूप बदलतं आणि ते पाण्यात उतरू लागतं. हिरवट दगडांचं तर बोलायलाच नको. तांबं माशांना थोडंही भारी पडतं, गोगलगायी आणि कोळंबीला त्याहून जास्त. खनिजाच्या तुकड्यात आणखी काय काय आहे ते डोळ्यांनी ओळखता येत नाही, म्हणून खाणीच्या आसपासचा दगड टाकीत घालायचा नाही, हा नियम सरळ पाळावा.

तिसरी चाचणी आळशी लोकांसाठी, म्हणजे माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांसाठी. आरओमुळे आता बऱ्याच घरांत टीडीएस मीटर असतं. दोन स्वच्छ बरण्यांत आरओचं पाणी भरा. एकीत धुतलेली रेती टाका, दुसरीत काहीच नाही. दोन्हींचं टीडीएस लिहून ठेवा आणि आठ दिवसांनी पुन्हा मोजा. रिकाम्या बरणीचा आकडा जवळपास तिथेच असेल. रेतीच्या बरणीचा खूप चढला, तर त्या रेतीतून पाण्यात काहीतरी उतरतंय. ती बांधकामालाच राहू द्या.

माती घालावी का?

झाडं लावायची असतील तर हा प्रश्न येतोच. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी 1999 साली पाणवनस्पतींच्या टाकीवर पुस्तक लिहिलं. त्यांची पद्धत साधी आहे: तळाला इंचभर साधी बागेची माती, तिच्यावर इंचभर बजरी. माती झाडांना खाऊ घालते, बजरी मातीला दाबून ठेवते आणि पाणी गढूळ होऊ देत नाही.

हे वाचताना मला परदेशी काही वाटत नाही, कारण हीच व्यवस्था आपल्या धानाच्या बांधीत आहे. रोवणीनंतर बांधीत पाणी उभं असतं. हात घालून बघा. चिखलाचा अगदी वरचा पातळ थर तांबूस असतो, खालचा राखाडी. वर पाण्यातून प्राणवायू मिळतो, खाली मिळत नाही. तरी धान उभं राहतं, कारण त्याच्या देठात हवेच्या नळ्या असतात आणि त्यांतून ते मुळांपर्यंत प्राणवायू पोचवतं. ज्या चिन्नोरला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तोही अशाच बांधीत वाढतो. टाकीतल्या मुळं धरणाऱ्या वनस्पती हेच काम करतात. त्यांची मुळं तळाला श्वास पुरवतात आणि तळ काळा पडत नाही. म्हणून मातीची टाकी करायची तर पहिल्याच दिवशी दाट झाडं लावा. चार काड्या खोवून भागत नाही.

मात्र नुकताच युरिया टाकलेल्या बांधीतली माती आणू नका. युरियाचाही पाण्यात अमोनियाच होतो. शेणखत, कंपोस्टही नको. दोन-तीन वर्षं काही न टाकलेल्या जागेची माती घ्या, चाळा आणि काडीकचरा काढा.

शेजारच्या तलावांचा धडा

तळाचं महत्त्व पटायला टाकीपेक्षा मोठं उदाहरण हवं असेल तर ते गोंदियाला आहे. 1956 पर्यंत आपण, भंडारा आणि नागपूर एकाच प्रांतात होतो, आणि वैनगंगा अजूनही आपल्याला जोडून आहे. त्या भागात गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं शेकडो तलाव बांधले. मालगुजारी गेली तेव्हापासून लोक त्यांना 'माजी मालगुजारी' म्हणतात आणि लाडानं 'मामा तलाव'. त्यांवर ढिवर कुटुंबांची पोटं चालतात.

पुढे अनेक तलावांत गाळ साचला, बेशरम माजली आणि गावठी मासे कमी होत गेले. नुसती मासळीची पिल्लं सोडून प्रश्न सुटत नव्हता. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या ढिवर स्त्री-पुरुषांनी वेगळा रस्ता धरला. बेशरम उपटली, उन्हाळ्यात पाणी आटल्यावर तळाचा काही भाग नांगरला, आणि पाऊस आल्यावर तिथे पाण्याखाली वाढणाऱ्या देशी वनस्पती लावल्या. नांगरट यासाठी, की मुळांना माती धरता यावी. वनस्पती वाढल्या तसा माशांना अंडी घालायला आसरा मिळाला, खाद्य मिळालं. गावठी मासे आणि पाणपक्षी परतल्याचं गावकऱ्यांनी नोंदवलं. त्यांनी आधी मासे आणले नाहीत, आधी तळ केला.

दर आठवड्याची दहा मिनिटं

तळ एकदा जमला की सांभाळणं सोपं आहे. आठवड्यातून एकदा पाव टाकी पाणी बदला, तेही नळीनं तळाजवळून ओढून. नळीचं एक टोक बजरीत, दुसरं खाली ठेवलेल्या बादलीत. बादली टाकीपेक्षा खाली असल्यामुळे पाणी आपोआप ओढलं जातं आणि घाण सोबत येते. एका वेळी अर्धाच तळ साफ करा, उरलेला पुढच्या आठवड्यात. मातीची टाकी असेल तर नळी आत खुपसू नका, वरवर फिरवा. नवं पाणी नळाचं असेल तर आदल्या दिवशी बादलीत उघडं ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जाईल.

दिवाळीच्या साफसफाईत टाकी रिकामी करून, बजरी खळखळून धुऊन, काच पुसून पुन्हा भरायची, ही आपल्या घरांची आवडती पद्धत. टाकी त्या दिवशी चमकते आणि चार दिवसांत मासे तरंगू लागतात, कारण आपण ती अकरा चौरस मीटरची वसाहत नळाखाली वाहून टाकलेली असते. आईला, आजीला हे समजावून सांगायची जबाबदारी तुमची. फिल्टरचा स्पंजसुद्धा टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

मे महिन्यात थोडं जास्त जपा. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि त्याच अमोनियाचा जाच वाढतो. खाणं निम्मं करा, हवेचा पंप चालू ठेवा. लाइट बराच वेळ गेली तर खाणं टाकूच नका. उपाशी मासा आठवडाभर निभावून नेतो, सडलेलं खाणं त्याला एका रात्रीत संपवतं.

आणि छंद संपला, बदली झाली, शिकायला पुण्याला निघालात, तर मासे, झाडं आणि गोगलगायी वैनगंगेत किंवा देवीतलावात सोडू नका. ती दया नव्हे. काच चाटणारा बाहेरचा मासा आपल्या पाण्यात रुजला की गावठी माशांची जागा खातो, आणि त्याची किंमत नदीवर पोट असलेली माणसं देतात. कुणाला तरी टाकीसकट द्या. आणि तुमची जुनी बजरी त्याला ओलीच द्या, त्याचं विरजण तेवढंच चांगलं लागेल.

या सुट्टीत बरण्यांची चाचणी करून बघा. कुठली रेती घेतली, पहिल्या दिवशी आकडा किती होता आणि आठव्या दिवशी किती झाला, एवढं लिहून मंडळाकडे पाठवा. पुरेशा नोंदी जमल्या तर गावातली कुठली रेती टाकीला चालते याचा तक्ता पुढच्या अंकात छापू.